चिंचोक्यापासून बोन्साय

बोन्सायसाठी महागडं परदेशी बी मागवायची काही गरज नाही. चिंच कोळून झाली की चिंचोके फेकू नका, धुऊन सावलीत वाळवा. मात्र चिंच उकळलेली असेल तर ते बी उपयोगाचं नाही.

चिंचोक्याचं कवच कडक, त्यात पाणी सहज शिरत नाही. म्हणून एका कडेला पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा. जास्त घासलं तर आतल्या कोंबाला इजा होते. मग रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेले चिंचोके माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या मिश्रणात बोटाच्या पेराएवढे खोल पेरा. मे-जूनच्या उबेत साधारण आठ-पंधरा दिवसांत जाड बीजदलं, म्हणजे बियाचेच दोन भाग, वर येतात.

पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की रोप अलगद उपटून सोटमुळाचा खालचा तिसरा हिस्सा कापा. त्यामुळे मुळं आडवी पसरतात आणि पुढे उथळ ट्रेमध्ये बसतात. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा.

संध्याकाळी पानं मिटलेली दिसली तर पाणी ओतत सुटू नका, चिंच रोज रात्री पानं मिटतेच.

ट्रेची घाई मात्र नको. खोड जाड व्हायला दोन-तीन वर्षं मोठ्या कुंडीतच वाढू द्या. वळण द्यायचं तर फांदी कोवळी असतानाच ॲल्युमिनियमची तार गुंडाळा, आणि ती सालीत रुतण्याआधी कापून काढा.