दोन प्रकारच्या कला: खगोलशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

विज्ञानाच्या इतिहासाचा दूरस्थ अभ्यासक्रम मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी सुरू केला, तेव्हा माझ्याजवळ वाणिज्य शाखेची पदवी, एक साधी द्विनेत्री आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. पहिला निबंध सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील खगोलशास्त्रज्ञांवर लिहायचा होता. ‘गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध झाले,’ असे वाक्य मी त्यात मोठ्या समाधानाने लिहिले. निबंध तपासून परत आला तेव्हा त्या वाक्याखाली लाल शाईत दोनच शब्द होते: ‘आणि टायको?’ त्यांचे उत्तर शोधण्यात माझे जवळपास एक वर्ष गेले. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना सांगण्याजोगे माझ्याकडे जे काही आहे, ते बहुतेक त्याच वर्षातले आहे.

आधी माझी चूक कोणती होती ते सांगतो. प्राचीन काळच्या टॉलेमीच्या मांडणीत पृथ्वी मध्यभागी असून शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या दरम्यान राहतो, त्यामुळे तो आपल्याला फक्त कोरीसारखा दिसू शकतो, पूर्णबिंबाच्या जवळपासही कधी येऊ शकत नाही. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओला शुक्र जवळजवळ पूर्ण गोल अवस्थेपासून कोरीपर्यंत बदलताना दिसला, आणि टॉलेमीची मांडणी तेथेच मोडली. परंतु तोपर्यंत टॉलेमीची आणि सूर्य मध्यभागी मानणारी कोपर्निकसची या दोन मांडण्यांखेरीज डेन्मार्कच्या टायको ब्राहेने तिसरी मांडणी पुढे ठेवलेली होती. तिच्यात इतर सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्या सगळ्यांना घेऊन स्थिर पृथ्वीभोवती फिरतो. या मांडणीतही शुक्राच्या नेमक्या त्याच कला दिसतात. म्हणजे गॅलिलिओच्या निरीक्षणाने एक पक्ष बाद झाला आणि दोन उरले; रोममधील जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्वानांनी १६११ मध्ये त्याची निरीक्षणे खरी मानली आणि पुढे त्यांतील अनेकांनी टायकोचीच बाजू घेतली, यात त्यामुळे विसंगत असे काही नव्हते. तेव्हापासून मी वहीत प्रत्येक निरीक्षणापुढे दोन रकाने आखतो: याने कोणती मांडणी अशक्य ठरली, आणि कोणत्या अजून शक्य राहिल्या. दुसरा रकाना भरताना जास्त वेळ लागतो, आणि बहुतेक लोकप्रिय लेखांत नेमका तोच गाळलेला असतो.

टायकोला आपण सहसा ग्रहांच्या कक्षांचे गणित मांडणाऱ्या केप्लरला आकडे पुरवणारा श्रीमंत सरदार एवढ्यावरच सोडून देतो. वास्तविक आकाश अचल आणि अविकारी आहे या समजुतीला पहिला मोठा तडा त्याच्याच हातून गेला. १५७२ च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा प्रकटला. सुरुवातीला तो शुक्रासारखा तेजस्वी होता, भर दिवसाही दिसत होता, आणि १५७४ पर्यंत हळूहळू मावळत गेला. चंद्राच्या अलीकडच्या वस्तूचे ताऱ्यांच्या सापेक्ष स्थान रात्रभरात थोडे सरकलेले दिसायला हवे. टायकोने वारंवार मोजूनही या ताऱ्याचे स्थान तसूभर हलले नाही. तो चंद्राच्या पलीकडचा आहे, असा निष्कर्ष त्याला काढावा लागला. १५७७ च्या धूमकेतूच्या बाबतीतही तेच घडले. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांच्या मते धूमकेतू ही हवेच्या वरच्या थरातली घटना होती; आता तो ग्रहांच्या प्रदेशातून जाताना आढळला, त्यामुळे ग्रहांना वाहून नेणारे घन स्फटिकगोल खरोखरच असतील तर तो त्यांतून पार कसा गेला, हा प्रश्न उभा राहिला.

एवढे करून तो कोपर्निकसच्या बाजूला का गेला नाही? कारण तो जुनाट होता म्हणून नव्हे. पृथ्वी वर्षभरात एवढी मोठी प्रदक्षिणा घालत असेल तर ताऱ्यांची स्थाने किंचित तरी हलताना दिसायला हवीत, आणि त्याच्या उत्कृष्ट उपकरणांना ती हलताना दिसत नव्हती. तारे फार दूर आहेत असे मानावे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या त्यांच्या ठिपक्याच्या आकारावरून प्रत्येक तारा अचाट मोठा मानावा लागत होता. (तो आकार डोळ्याचा आणि प्रकाशाचा भास आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.) हरलेल्या पक्षाची बाजू अशी पूर्ण ताकदीने मांडता आल्याशिवाय जिंकलेल्या पक्षाविषयी मी आता लिहीत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या कला. मराठीत ‘कला’ हा शब्द चंद्र-शुक्राच्या प्रकाशित भागासाठी वापरतात, तसाच अंशाच्या साठाव्या भागासाठीही. सुरुवातीला माझ्या टिपणांत या दोहोंचा मोठा गोंधळ झाला, म्हणून मी कोनाची कला हिरव्या शाईने लिहू लागलो. केप्लरची सगळी गोष्ट या हिरव्या कलांची आहे. टायकोने मंगळाची जी स्थाने नोंदवून ठेवली होती, त्यांच्याशी वर्तुळाकार कक्षेचे गणित जुळवताना केप्लरच्या हाती शेवटी आठ कलांचा फरक उरला. टॉलेमीच्या काळी तेवढा फरक निरीक्षणाच्या चुकीत सहज खपला असता. टायकोची मोजणी मात्र एक-दोन कलांपर्यंत अचूक असते हे केप्लर जाणत होता, म्हणून त्याने अनेक महिन्यांचे गणित टाकून दिले. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार झाली.

आठ कला म्हणजे किती, हे वाचून उमगत नाही. मी आमच्या इमारतीच्या लांब गॅलरीत एका टोकाच्या भिंतीवर पाच रुपयांचे नाणे चिकटवले आणि दहा मीटर मोजून दुसरीकडे उभा राहिलो. ते नाणे जेवढे दिसते, जवळपास तेवढ्या फरकासाठी दोन हजार वर्षांची वर्तुळे मोडीत निघाली, आणि ज्याच्या नोंदींमुळे तो फरक लक्षात आला त्या माणसाजवळ दुर्बीण नव्हती. शेजाऱ्यांनी दोनदा विचारले की भिंतीत काही बिघाड झाला आहे का.

एक व्यावहारिक इशारा देतो. जुन्या नोंदी संगणकावरील आकाशदर्शनाच्या प्रणालीत ताडून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे, पण आधी नोंद कोणत्या दिनदर्शिकेतली आहे ते तपासा. केप्लरने दिलेल्या मंगळाच्या प्रतियुतींपैकी (प्रतियुती म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणे) १५८७ च्या मार्चमधील नोंद मी ताडून पाहिली, तर मंगळ तीन-चार अंश भलतीकडेच दिसला. केप्लरच्या आठ कला कुठे आणि माझे चार अंश कुठे! दोन रात्री मी छपाईची चूक शोधत बसलो. ती नोंद मुळात डेन्मार्कमधल्या टायकोची होती. इटलीने १५८२ मध्ये आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती, डेन्मार्कने मात्र १७०० पर्यंत जुनीच चालवली. त्या दहा दिवसांचा तो फरक होता. गॅलिलिओची ७ जानेवारी १६१० ची गुरूजवळच्या तीन ‘ताऱ्यांची’ (म्हणजे त्याच्या उपग्रहांची) नोंद जशीच्या तशी भरली तरी जुळते, टायकोच्या त्या काळातील तारखांत दहा दिवस मिळवावे लागतात.

वाचनाविषयी थोडक्यात. सुरुवात गॅलिलिओच्या १६१० च्या छोट्या पुस्तिकेने करावी. रोजच्या नोंदी आणि चित्रे असल्याने ती आजही सहज वाचता येते. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाचा पहिला भाग तेवढा वाचावा, पुढचे गणित नंतरसाठी ठेवावे. भारतीय परंपरेसाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीतच आहे, हे आपले भाग्य. तो वाचला की आर्यभटाविषयीची सैल विधानेही हातून होत नाहीत: नावेतून जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने इ.स. ४९९ मध्ये सांगितले. पण ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल आहे, सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेबद्दल नाही.

ताऱ्यांची स्थाने हलताना दिसत नाहीत, या टायकोच्या आक्षेपाला मोजून दिलेले उत्तर १८३८ मध्ये आले. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याचे वार्षिक सरकणे मोजले, ते एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे होते. टायकोच्या उपकरणांच्या आवाक्यापेक्षा हे शेकडो पटींनी बारीक आहे.

निरीक्षणासाठी मंगळ निवडावा. तो वक्री (ताऱ्यांमधून उलटा चालताना दिसणारा) आणि पुन्हा मार्गी (सरळ चालणारा) होण्याच्या तारखा कोणत्याही पंचांगात छापलेल्या असतात. त्यांचे फलित वाचण्याची गरज नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मंगळ वृषभेच्या शिंगांजवळ वक्री असताना मी ताऱ्यांच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून दर चार दिवसांनी पेन्सिलने एक टिंब काढत गेलो. एकदा मध्यरात्रीनंतर आदल्या दिवसाची तारीख घातल्याने एक टिंब आजही ओळीबाहेर आहे. ते मी खोडलेले नाही. यापुढची चांगली संधी २०२७ च्या फेब्रुवारीतल्या प्रतियुतीची आहे. तेव्हा मंगळ सिंहेत असेल आणि जवळच्या मघा ताऱ्यामुळे मोजायला सोपा जाईल. २०२६ चा डिसेंबर सुरू होताच पहिले टिंब काढावे, म्हणजे वक्री होण्यापूर्वीची सरळ चालही कागदावर येते.