कन्व्हर्टिबलची मागची सीट काढून सामानाची फळी

कन्व्हर्टिबलचं टप, म्हणजे घडी होणारं छत, उघडलं की डिकी अर्धी खाल्ली जाते, आणि मागच्या सीटवर तसंही कुणी मावत नाही. अलिबागला निघताना बॅगा मांडीवर घेऊन बसायचा वैताग आला, तेव्हा हे केलं.

१. सीट काढा. बोल्ट, वॉशर नाव लिहून डबीत ठेवा; सीटही जपून ठेवा, गाडी विकताना लागेल.

२. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा बनवा. टप तीनदा उघड-बंद करून पाहा. माझा पहिला साचा डावीकडे बोटभर घासत होता. प्लाय कापल्यावर हे कळलं असतं तर रडलोच असतो.

३. १२ मिमी मरीन प्लाय घ्या. मुंबईच्या दमट हवेत साधा प्लाय फुगतो. कापलेल्या कडांना आधी वॉर्निश, मग वरून कार्पेट.

४. फळी सीटच्याच भोकांत बोल्टने आवळा, नवी भोकं पाडू नका. बॅगा बांधायला चार कड्या मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतील.

बॅग पट्ट्याने बांधाच, ब्रेक लागला की ती थेट डोक्यात येते. आणि आरसी बुकात सीटसंख्या लिहिलेली असते, म्हणून आधी आरटीओत विचारा.