आपल्याच मुलांचे फोटो काढताना

पहिली गोष्ट, “इकडे बघ, हस” हे बंद करा. माझ्याकडे थोरल्याचे शेकडो फोटो आहेत आणि बहुतेकांत एकच चेहरा आहे: दात विचकलेले, डोळे बारीक, मान ताठ. तो चेहरा त्याचा नाही, माझ्या हुकमाचा आहे. धाकटीच्या, मनूच्या वेळी मी ते सोडलं. आता उजेड आणि जागा मी आधी ठरवते, तिला तिच्या कामात सोडते आणि थांबते.

आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो. एप्रिलमध्ये सासूबाई गच्चीवर कुरडया घालतात. सकाळी साडेसातला ऊन तिरपं आणि मऊ असतं. दहानंतर ते डोक्यावर चढतं आणि मुलांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्यामुळे जे काढायचं ते नाश्त्याच्या आत. कुरडयांसाठी जुनं पांढरं धोतर अंथरलेलं असतं. मी चिकाची वाटी धोतराच्या पूर्वेच्या कडेला ठेवते. मनू आपोआप तिथेच बसते, पाठ उन्हाकडे, तोंड धोतराकडे. मागचं ऊन तिच्या भुरभुरत्या केसांवर येतं आणि धोतरावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर. स्टुडिओत पांढरा रिफ्लेक्टर लावून हेच करतात.

मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसते, कोपरं गुडघ्यांवर टेकवते. उभं राहून काढलेल्या फोटोत मूल म्हणजे नुसता माथा आणि भांग दिसतो. लेन्स तिच्या डोळ्यांच्या उंचीला हवी. मागून ऊन असलं की मोबाईल चेहरा काळवंडून टाकतो, म्हणून स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि उजेड थोडा वर सरकवायचा. चीक गरम असतो. ती फुंकर मारते, बोट बुडवते, आणि बोटापासून हनुवटीपर्यंत एक चकचकीत तार लोंबते. तेवढा क्षण तीन सेकंदांचा. त्यासाठी मी वीस मिनिटं बसलेली असते. चाळीसेक काढते, दोन ठेवते, बाकीचे त्याच दिवशी पुसते.

घरात काढायचे तर खिडकी. मूल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकी त्याच्या एका बाजूला, आणि ट्यूबलाइट बंद, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो. फ्लॅश नकोच. कधी एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे दिसतात, ते दिव्याच्या लुकलुकण्याचे. शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेवलं की बहुतेक वेळा जातात. पावसाळ्याला घाबरू नका. जुलैत आभाळ भरलेलं असतं तेव्हा सगळी गॅलरीच मऊ उजेडाने भरते, सावली शोधायला लागत नाही.

पळणाऱ्या मुलासाठी उलटं गणित. थोरला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळतो तेव्हा शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू मी ठेवत नाही. मोबाईलवर सलग फोटो काढायची सोय असते, ती आधीच शोधून ठेवा. मुलाच्या मागे धावण्यापेक्षा ते ज्या वळणावरून येणार तिथे बसून राहिलेलं बरं.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. सिनेमा सुरू करण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून ते वाढताना रोज एकाच जागेवरून टिपले होते. ही युक्ती मुलांना जशीच्या तशी लागू पडते. दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीशी मनू उभी राहते, मी समोरच्या फरशीच्या चौथ्या सांध्यावर बसते. चौकट बदलत नाही म्हणून ती वाढलेली दिसते. आणि फाळक्यांनी स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण केलं, त्याच्या सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव जवळून दिसतात. जमलं तर जरूर बघा, लहान मुलाच्या चेहऱ्यावर किती काय चालतं ते कळतं.

एक मात्र पाळा. मूल “नको” म्हणालं की फोन खाली. आंघोळीचे, रडण्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका, आणि शाळेचा बिल्ला दिसत असेल तर फोटोतला तेवढा भाग कापून टाका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा.

थोरल्याच्या बारशापासूनचं दीड वर्ष माझ्याकडे नाही. दुरुस्तीला दिलेला फोन पुसून परत आला आणि दुसरीकडे कुठेच काही ठेवलेलं नव्हतं. अजूनही त्या दिवसाची आठवण आली की पोटात तुटतं. तेव्हापासून दर रविवारी फोटो हार्ड डिस्कवर जातात. सासरी-माहेरी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते, साधा पाठवला तर तो बारीक होऊन पोचतो आणि प्रिंट फुटते.

महिन्याला दहा फोटो चार बाय सहाच्या आकारात छापून घ्या. मागे बॉलपेनने जोर देऊन लिहू नका, पुढून उमटतं. मऊ पेन्सिल किंवा फोटोवर चालणारा मार्कर घ्या. तारीख, जागा, आणि मूल तेव्हा काय बोललं ते लिहा. चिकाच्या फोटोमागे माझ्या अक्षरात आहे: गच्ची, एप्रिल, “आजी, हा चीक मला सोडतच नाहीये.”