बातमीतला ‘चार्ज’ मराठीत आणताना

वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी मराठीत आणताना ‘चार्ज’ हा शब्द आला की आधी कर्ता शोधावा : पोलीस, न्यायालय, सरकार, बँक की वीज कंपनी. कर्ता कळला की निम्मा अर्थ हाती लागतो आणि उरलेला निम्मा प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे यावरून ठरतो. शब्दकोशात पहिल्यांदा दिसणारा ‘आरोप’ सरसकट वापरला, तर एखाद्या माणसाविषयी न घडलेली गोष्ट छापली जाते, आणि म्हणूनच गुन्हेविषयक बातमीत सर्वाधिक सावध राहावे लागते.

पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली जाते तेव्हा इंग्रजी बातमीत बहुधा ‘बुक्ड’ असते. त्याला ‘गुन्हा दाखल झाला’ असेच म्हणावे, कारण ‘चार्ज’ अजून दूर आहे. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात सादर करतात ती ‘चार्जशीट’. पोलिसांच्या दप्तरात तिला दोषारोपपत्र म्हणतात. बातमीत मात्र मी ‘आरोपपत्र’च पसंत करतो, कारण ‘दोष’ हा शब्द दिसताच दोष सिद्ध झाल्याचा समज होऊ शकतो. त्यानंतर न्यायालय ‘चार्जेस फ्रेम’ करते, म्हणजे आरोप निश्चित करते, आणि खटला खऱ्या अर्थाने तेथून उभा राहतो. खटला चालवण्यास पुरेसा आधार नसेल, तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सत्र न्यायालयातील खटल्यांपुरती ही तरतूद कलम २५० मध्ये, तर आरोपनिश्चितीची कलम २५१ मध्ये आहे. हा डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती. खटला पूर्ण चालून होते ती निर्दोष मुक्तता. या दोहोंची अदलाबदल मी अनेकदा छापलेली पाहिली आहे.

या टप्प्यांमध्ये किती काळ जाऊ शकतो, हे मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्यात दिसते. दहशतवादविरोधी पथकाने जानेवारी २००९ मध्ये आरोपपत्र दाखल केले, डिसेंबर २०१७ मध्ये काही जण दोषमुक्त झाले, उरलेल्या सात जणांवर ३० ऑक्टोबर २०१८ रोजी आरोप निश्चित झाले आणि ३१ जुलै २०२५ रोजी त्या सातही जणांची निर्दोष मुक्तता झाली. ‘चार्ज’साठी एकच शब्द वापरणाऱ्याला या खटल्याची बातमी नीट लिहिताच येणार नाही.

ब्रिटनमधील बातमीत आपली शब्दावली जशीच्या तशी लावू नये. तेथे अटकेनंतर संशयितावर औपचारिक आरोप ठेवतात, तेव्हा तो ‘चार्ज्ड’ होतो. ‘रिलीज्ड विदाउट चार्ज’ म्हणजे आरोप न ठेवता सोडले. त्याला ‘निर्दोष सुटला’ म्हणणे चुकीचे आहे.

अधिकाऱ्याने घेतलेला चार्ज हा पदभार, दुसऱ्या खात्याचा सोबत सांभाळलेला तो अतिरिक्त कार्यभार. लाठीचार्जला लाठीमार हा रुळलेला शब्द आहे. त्याआधीचे ‘सौम्य’ हे विशेषण मात्र पोलिसांचे असते. ते त्यांच्या नावावर द्यावे किंवा गाळावे. शेतजमिनीवरील बँकेचा चार्ज म्हणजे बोजा, जो सातबाऱ्यावर चढतो आणि कर्ज फिटल्यावर उतरवून घ्यावा लागतो. येथे ‘शुल्क’ लिहिले, तर शेतकरी वाचकाला बातमीचा अर्थच लागणार नाही.

वीजदराच्या बातमीत महावितरणचे बिल समोर ठेवावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे शब्द तयार आहेत आणि ‘वीज शुल्क’ ही वेगळी नोंद आहे. तो राज्य सरकारचा कर आहे, त्यामुळे ‘एनर्जी चार्ज’ वाढल्याच्या बातमीत ‘वीज शुल्क वाढले’ असे लिहिले, तर दरवाढ सरकारने कर वाढवल्यामुळे झाली असा चुकीचा अर्थ निघतो.