मेंदूच्या आरोग्यासाठी वेलनेस कोच लावलाय? या चुका टाळा

कोच लावल्यावर पहिले तीन आठवडे झकास जातात. पावलं मोजली जातात, ग्रुपवर सॅलडचे फोटो पडतात. चौथ्या आठवड्यात घरात कुणीतरी आजारी पडतं किंवा पाहुणे येतात, एक कॉल चुकतो आणि मग कोचचा मेसेज उघडायलाच नको वाटतं. नव्याचे नऊ दिवस संपले, की दोष बिचाऱ्या इच्छाशक्तीवर जातो. खरं तर मांडणी पहिल्याच आठवड्यात चुकलेली असते.

माहिती पुरवण्यासाठी कोच लागत नाही, ती फुकट मिळते. ठरलेली गोष्ट घडली का, नसेल तर नेमकी कुठे अडली आणि आता काय बदलायचं, हे ठरावीक दिवशी विचारणारा माणूस म्हणजे कोच. २०२५ साली अमेरिकेतल्या ‘यू.एस. पॉइंटर’ या जीवनशैली आणि मेंदूवरच्या अभ्यासाचे निकाल आले. ६० ते ७९ वयाचे २,१११ जण त्यात दोन वर्षं होते. एका गटाला व्यायाम-आहाराचा ठरलेला कार्यक्रम आणि ३८ गटबैठका होत्या, दुसऱ्याला फक्त ६ बैठका आणि ‘तुमचं तुम्ही करा’ असा सल्ला. विचारशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गट सुधारले, पण पाठपुरावा असलेला गट जास्त सुधारला. पैसे मोजायचे ते या पाठपुराव्याचे.

चूक १: तपासण्यांच्या आधी कोच गाठणं

विसरायला होतंय म्हणून थेट कोचकडे जाणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. बी-१२ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेत श्वास अडणं यांतल्या कशानेही डोकं जड आणि विसराळू होतं, आणि यांतल्या प्रत्येकावर उपचार आहेत. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं चालू असलेली मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, जोडीला ‘सकाळी उपाशीपोटी’ घ्यायची ॲसिडिटीची गोळी, हे तिन्ही एकत्र असतील तर बी-१२ आधी तपासा. नाहीतर तीन महिने शब्दकोडी सोडवत बसाल आणि पातळी आहे तिथेच राहील.

पहिल्या सत्राआधी रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. डोळे आणि कानही तपासून घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, कारण सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांनीही स्मरणशक्ती मंदावते.

रोजच्या रस्त्यावर चुकणं, आयुष्यभर सांभाळलेले हिशेब जमेनासे होणं, अर्ध्या तासात तोच प्रश्न पुन्हा विचारणं, स्वभाव बदलणं ही लक्षणं न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायची. चेहरा अचानक वाकडा झाला, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली तर तो पक्षाघात असू शकतो: लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवून लगेच मोठं रुग्णालय गाठायचं.

चूक २: मेंदूसाठी म्हणून फक्त कोडी सोडवणं

सुडोकू रोज सोडवलं की सुडोकू चांगलं येतं. त्यापलीकडे दैनंदिन स्मरणशक्ती सुधारते, असा दावा फार जपून ऐकायचा. ब्रेन-गेम्सच्या ‘ल्युमोसिटी’ कंपनीला अशाच अवास्तव दाव्यांपायी २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले आणि ते सगळे काढता आले तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. यादीत आहेत: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, वाढलेलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली कमजोर नजर. या यादीत कोडी नाहीत, हेल्मेट मात्र अप्रत्यक्षपणे आहे. कोचबरोबर बसून यातले आपल्याला लागू असलेले धोके अधोरेखित करा आणि तिथून सुरुवात करा. टीव्हीचा आवाज वाढवायला लागत असेल तर पहिलं काम ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दुसरं चालणं.

मेंदूला खाद्य हवंच असेल तर नवीन, थोडं अवघड आणि चारचौघांत करायचं काहीतरी निवडा: पेटी शिकणं, मोडी वाचायला शिकणं, भजनी मंडळात नवे अभंग पाठ करणं. एकटेपणावरही तेच औषध.

चूक ३: रक्तदाब कसाबसा मोजून कोचला पाठवणं

घरच्या मशीनवरचे आकडे अनेकदा मोजण्याच्या पद्धतीमुळे फसवे येतात, आणि त्याच आकड्यांवर महिनाभराचं नियोजन होतं. त्यामुळे इथे जरा सविस्तर.

आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. ‘गप्प’ म्हणजे फोनवरही बोलायचं नाही. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर आणि छातीच्या उंचीला. बाही वर सरकवून दंडाला काच बसत असेल तर शर्ट काढा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर कागद डॉक्टरांकडे न्या. गोळी वाढवायची की कमी करायची, यावर कोचने मत देऊ नये, तुम्हीही मागू नये.

चूक ४: ‘रोज चालणार’ असं ठरवणं

ही इच्छा झाली, सवय नव्हे. सवयीच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कशानंतर, किती, आणि अडलं तर काय. उदाहरणार्थ:

‘सोमवार, बुधवार, शुक्रवारी रात्रीची ताटं आवरली की बूट घालून सोसायटीच्या आवारात १० मिनिटं चालणार. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये. पाहुणे असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी.’

सत्र संपायच्या आत असं एक वाक्य वहीत लिहून झालं पाहिजे. मग कोचने विचारावं, ‘हे जमेल याची खात्री दहापैकी किती?’ उत्तर सातच्या खाली आलं तर वाक्य बारीक करा: तीनऐवजी दोन दिवस, दहाऐवजी पाच मिनिटं. भिडेखातर ‘नऊ’ म्हणणारे लोक पुढच्या आठवड्यात कॉल टाळतात.

आठवड्याने ते फसलेलं दिसलं तर आधी वाक्यातलं ‘कशानंतर’ बदला, माणसाला बोल लावू नका. ताटं आवरली की मालिका सुरू होते? मग चालणं जेवणाआधी, ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आत. गुडघे दुखतात? मग सपाट रस्ता आणि पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे. जमलं तर दर आठवड्याला एक दिवस किंवा पाच मिनिटं वाढवा. पोहोचायचं आहे आठवड्याला १५० मिनिटांवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीइतकं. वेग असा की बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता आठ वेळा उठणं-बसणं, थोडी विश्रांती, पुन्हा आठ. तोल जात असेल किंवा छातीत दुखत असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

चूक ५: सगळं एकदम, आणि २१ दिवसांचा हिशेब

चालणं, ध्यान, साखर बंद, पहाटे पाचला उठणं, हे सगळं एकाच सोमवारी सुरू करणाऱ्या आरंभशूरांना कोचनेच अडवायला हवं. एका वेळी दोन सवयी पुरेत. २१ दिवसांत सवय लागते हे कुठल्याही चाचणीवर उभं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० सालच्या अभ्यासात एखादी कृती आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा खाडा पडल्याने तिथे विशेष बिघडलं नव्हतं, म्हणून एका खाड्यावर वही बंद करू नका. गणपती, लग्नसराई, परीक्षेचे दिवस यांसाठी आधीच ‘किमान’ ठरवा. पाच मिनिटं चालणं त्या आठवड्यात पूर्ण गुणांचं.

चूक ६: आयात केलेला डाएट चार्ट

चार्टमध्ये केल, ब्लूबेरी आणि सॅमन दिसले की समजावं, तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. मेथी, चवळी, शेवग्याचा पाला, ज्वारी-नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, मासे खात असाल तर बांगडा आणि तारली, तळलेले नव्हे, कालवणातले. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीने साखर कुठे जाते ते ग्लुकोमीटरवर एकदा पाहा. बाकी आहाराकडून चमत्काराची अपेक्षा नको. मेंदूसाठी म्हणून आखलेल्या ‘माइंड’ आहाराच्या २०२३ मधल्या चाचणीत तीन वर्षांनी तुलनेच्या गटापेक्षा ठोस फरक दिसला नव्हता.

चूक ७: पाचचा चहा आणि रात्रीचं घोरणं विसरणं

कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. पाचला चहा घेतला तर दहाला त्यातलं निम्मं रक्तात असतंच. शेवटचा कप दुपारी दोन-अडीचला आणून दोन आठवडे बघा. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. वामकुक्षी २०-३० मिनिटांची, तीनच्या आत. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दिवसा पेंग हे तिन्ही असेल तर झोपेची चाचणी हवी. त्यावर ध्यानाचं ॲप चालत नाही.

चूक ८: कोचला डॉक्टर किंवा दुकानदार होऊ देणं

भारतात वेलनेस कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून प्रशिक्षण कुठे, किती तासांचं आणि परीक्षा होती का, हे विचारण्यात संकोच नको. अमेरिकेतल्या ‘नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग’ची परीक्षा दिलेले कोच ऑनलाइन भेटतात, तिथे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि ५० सत्रांची नोंद आधी दाखवावी लागते.

दोन सल्ले विशेष धोक्याचे. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना १६ तासांचा उपवास: साखर एकदम घसरून घाम, थरथर, बेशुद्धी येऊ शकते, आणि वारंवार घसरणारी साखर मेंदूलाच मारक. दुसरा, ‘कमी सोडियम’वालं मीठ: त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

स्मरणशक्तीच्या कॅप्सूल विकणाऱ्या कोचशी व्यवहार तिथेच थांबवा. जिंको बायलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. २००८ मध्ये आलेल्या निकालात डिमेन्शिया कमी झाला नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जिंकोने रक्तस्रावाची भीती वाढते.

चूक ९: मुलांनी परस्पर लावलेला कोच

मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा कोथरूडला आणि कोच झूमवर. हेतू चांगला, पण बाबांना ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं आणि ते ‘हो हो, चालतो’ म्हणून मोकळे होतात. पहिलं सत्र आई-बाबांचं एकट्याचं असू द्या, मराठीत, आणि ध्येय त्यांनी निवडलेलं. ‘नातवाबरोबर सिंहगड चढायचा’ हे चालेल, ‘एचबीए१सी ७ च्या खाली’ हे मुलाचं ध्येय झालं. मुलांपर्यंत काय पोहोचवायचं, तेही त्यांनाच ठरवू द्या.

गाडी अडली तर

पहिल्याच दिवशी वर्षाचं पॅकेज घेऊ नका. महिनाभराचे पैसे भरा आणि चार सत्रांनंतर वही उघडा. दर सत्राचं लिहिलेलं वाक्य आहे का? न जमलेल्या गोष्टीवर कोचने ‘का नाही केलं’ऐवजी ‘कुठे अडलं’ विचारलं का? सत्रात जास्त वेळ कोण बोललं? तिन्ही उत्तरं नकोशी असतील तर कोच बदला. वाक्यं आहेत आणि तरी काहीच घडत नाही, मनही कशात लागत नाही, दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच आहे, तर पुढची अपॉइंटमेंट मानसोपचारतज्ज्ञाची घ्या आणि कोचिंग तेवढे दिवस थांबवा.