पुणे विद्यापीठात येताय? डिपॉझिट देण्याआधी हे वाचा

प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल मिळालंच, असं धरून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येऊ नका. यादी नंतर लागते, तोवर तास सुरू झालेले असतात. मधले दिवस बाहेर काढायची तयारी ठेवूनच या.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, जागा बघायची तर गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडी, खडकी. औंध-बाणेरला आयटीवाल्यांमुळे भाडी चढलेली. कात्रज-हडपसरला स्वस्त मिळेल असं कुणी सांगेल, ऐकू नका. रोजचा वेळ बसमध्ये गेला तर जयकर ग्रंथालयात वाचायला बसणार कधी?

आता मुख्य गोष्ट. कॉट सोडणारा मुलगा म्हणेल, "माझं डिपॉझिट तू मला दे, मालकाशी मी बोललोय. तू जाशील तेव्हा पुढच्याकडून घे." सगळेच असं करतात म्हणून आपणही देतो. भाडं खोलीतला एक सीनियर गोळा करतो, मालकाची गाठच पडत नाही. मालकाच्या वहीत नाव जुन्याच मुलाचं राहतं. मग एक दिवस मालक खोली रिकामी करायला सांगतो. पुढचा कुणी येणारच नसतो, आणि डिपॉझिट मागितलं की मालक म्हणतो, "तुझ्याकडून मी एक रुपयाही घेतलेला नाही." ते खरंच असतं, भांडणार कशावर? जुन्या मुलाचा फोन तोवर बंद. माझे पैसे असेच गेले. सोयाबीन विकून घरच्यांनी पाठवलेले होते, आजही आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून डिपॉझिट फक्त मालकाच्या खात्यात, तेही ऑनलाइन. जुन्या मुलाने त्याचं मालकाकडून घ्यावं. "तुम्ही आपापसात बघा" असं मालक म्हणाला तर ती जागा सोडा, कितीही जवळ असली तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. कॉटवाले बरेच मालक ते टाळतात. निदान साध्या कागदावर तुमचं नाव, रक्कम, तारीख, नोटीस किती दिवसांची, रंगाचे पैसे कापणार का, एवढं लिहून सही घ्या. सही मागायला लाजू नका. आणि सीनियरला अभ्यासाचं जरूर विचारा, पण पैशाचा व्यवहार त्याच्या हातून करू नका, मग तो तुमच्याच गावचा का असेना.

एवढं वाचून घाबरू मात्र नका, जागा मिळते. एजंटला महिन्याचं भाडं द्यायचीही गरज नाही. दोन संध्याकाळी गल्ल्यांतून फिरा, गेटवरच्या पाट्या वाचा. मेसवाल्या काकूंना विचारा, कुठली कॉट रिकामी होतेय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

मेसचे महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-चार दिवस रोखीने जेवून बघा आणि खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम विचारा. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गावी गेलात तरच खाडा धरतात, तोही आधी सांगितला तर. रविवारी बऱ्याच मेस दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात. त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे वेगळे ठेवा. कॅम्पसमध्ये रिफेक्टरी, म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह, आहेच.

येण्याजाण्याचं थोडक्यात. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, त्यामुळे कुठे उतरायचं ते कंडक्टरला विचारून घ्या. रिक्षा मीटरने. शहरातून यायचं तर मनपाच्या बस स्थानकावर या, औंध-बाणेरकडच्या बऱ्याच पीएमपी बस विद्यापीठ चौकातून जातात. कॅम्पस चारशे एकरांहून मोठं आहे. मेन गेटपासून डिपार्टमेंट लांब असेल तर पहिल्या महिन्यातच जुनी सायकल घ्या. गावी परतणारी मुलं मे-जूनमध्ये विकतात, तेव्हा स्वस्त पडते.