शेलवर सीओटूचे प्रयोग: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकात, शिरला की केरोजेनच्या (खडकातल्या घन सेंद्रिय पदार्थाच्या) सूक्ष्म छिद्रांना चिकटलेल्या मिथेनची जागा घेतो. बहुतेक शेलवर त्याचं अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून राहणं, मिथेनच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून मिथेन सुटतो. पण सीओटू पिऊन केरोजेन फुगतं आणि पारगम्यता (खडकातून वायू-द्रव वाहू देण्याची क्षमता), जी मुळातच नॅनोडार्सी या अगदी बारीक एककात मोजावी लागते, ती आणखी घटते. खडक ओला असेल तर कार्बोनिक आम्ल तयार होतं, कॅल्साइट विरघळतं आणि वाटा रुंदावतात. त्यामुळे पारगम्यता वाढेल की घटेल, हे खडकातली खनिजं कळल्याशिवाय विचारूच नये. आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखणं) आणि टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणं) करून घ्या.

अधिशोषण मोजताना सेलमध्ये (नमुना ठेवलेल्या दाबपात्रात) सोडलेल्या वायूतून रिकाम्या जागेतला वायू वजा करतात, आणि तो घनतेवरून काढतात. नवख्यांचे आकडे सगळ्यात जास्त फसतात ते या घनतेत. सीओटूचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या पुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही तो, 31 अंश सेल्सिअस आणि 7.38 मेगापास्कल. 40 अंशांवर त्याची घनता 8 मेगापास्कलला सुमारे 278 किलो प्रति घनमीटर, 9 ला 485 आणि 10 ला 628 असते. या चढावर तापमान 0.1 अंशाने हललं तरी घनता साधारण 3 किलो प्रति घनमीटरने बदलते. सेलमधली रिकामी जागा 100 मिलीलिटर धरली, तर 0.3 ग्रॅमचा घोळ झाला. 50 ग्रॅम शेलने धरलेला सगळा सीओटू अनेकदा जेमतेम तेवढाच असतो! रिकाम्या जागेत स्टीलचे दांडे भरा, तापमान घट्ट धरून ठेवा, घनता स्पॅन-वॅग्नर समीकरणाने (दाब-तापमानावरून सीओटूची घनता अचूक देणाऱ्या सूत्राने) काढा. पेंग-रॉबिन्सन हे साधं समीकरण इथे पुरत नाही.

दाब वाढत असताना अधिशोषणाचा वक्र शिखर गाठून खाली आला तर घाबरू नका. मोजलेलं अधिशोषण 'अतिरिक्त' असतं, म्हणजे चिकटलेल्या थराच्या जागेत साधा वायू असता तर जेवढा मावला असता त्याहून जास्तीचं तेवढंच. वायूची घनता वाढली की ते घटणारच. वक्र शून्याखाली गेला तर मात्र हेलियमने मोजलेली रिकामी जागा तपासा. हेलियम अशा छिद्रांतही घुसतो जिथे मोठे रेणू पोचत नाहीत, म्हणून रिकामी जागा खरीपेक्षा जास्त मोजली जाते आणि वजाबाकीही जास्त होते.

सिलिंडरमधला दाब 20 अंशांना सुमारे 5.7 मेगापास्कलच असतो, त्यामुळे पंप लागतोच. पंपाचं डोकं थंड ठेवा, नाहीतर द्रव उकळून पंप नुसता फिरत राहतो.

प्रयोग संपल्यावर दाब घाईने सोडू नका. वायू प्रसरण पावून गारठतो, व्हॉल्व्हमध्ये कोरडा बर्फ अडकतो, ओ-रिंगमध्ये मुरलेला वायू फुगून तिला आतून फाडतो. नमुन्यालाही थरांच्या रेषेने चिरा पडतात, आणि मग ताकद घटल्याचं खापर सीओटूवर फुटतं. म्हणून त्याच कोअरचा (जमिनीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचा), थरांच्या त्याच दिशेने कापलेला जोडनमुना नायट्रोजनमध्ये तितकाच काळ, तितक्याच दाबाला ठेवा आणि त्याच गतीने उतरवा. दोघांतला फरक तेवढाच सीओटूचा.

आणि खोलीत सीओटूचा सेन्सर जमिनीलगत लावा. हा वायू हवेपेक्षा जड आहे. 8 तासांच्या कामाच्या सरासरीची मर्यादा 5000 पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत 5000 भाग) आहे.